काऊचिऊचा घास

भोपाळच्या पिपलानीत, भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या वसाहतीत, एखादी माता काऊचिऊच्या नावाने तासभर घास भरवीत असेल आणि शेजारीपाजारी त्या बालकाला हट्टी ठरवीत असतील. तो हट्ट नसून गिळण्याचा दोषही असू शकतो. दूध पिताना ठसका, जेवणानंतर घरघरणारा आवाज, खुंटलेले वजन, वारंवार होणारा न्यूमोनिया ही त्याची लक्षणे होत. परंतु ठसका नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये; काही मुलांच्या श्वासनलिकेत अन्न निःशब्द उतरते. म्हणून तज्ज्ञ आधी मुलाला जेवताना निरखतात. त्याची बैठक, ओठ, जीभ, श्वास पाहतात. शंका उरल्यास बेरियम मिसळलेल्या घासाचे क्ष-किरण चलच्चित्र घेतात. त्यावरून बसण्याची ढब, घासाचा आकार, पेयाचा दाटपणा ठरतो. तोवर बळेच घास कोंबणे हे वात्सल्य नव्हे.