फटका मारल्यानंतर
(हीरक महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



या शाळेच्या मैदानावर मी खो-खो खेळलो. स्क्वॉशची रॅकेट हाती आली ती महाविद्यालयात. चार भिंतींच्या आत, ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद जागेत हा खेळ चालतो. जागा लहान, म्हणून खेळ सोपा, असा माझा समज होता.

पहिल्याच स्पर्धेत तो गळून पडला. पाचांपैकी पहिले दोन डाव मी जिंकले. तिसऱ्या डावात दम लागला आणि प्रत्येक चांगल्या फटक्यानंतर मी तो पाहत जागीच उभा राहू लागलो. प्रतिस्पर्धी मात्र दर फटक्यानंतर मध्यावर परतत होता. तिथून प्रत्येक कोपरा मोजक्या पावलांवर असतो. उरलेले तिन्ही डाव मी गमावले.

प्रशिक्षकांनी माझ्याकडून चेंडूच काढून घेतला. दीड महिना रिकाम्या कोर्टात एकच सराव: मध्यावरून कोपऱ्याकडे जायचे, रॅकेट आधीच उचललेली, शेवटचे पाऊल लांब, गुडघा वाकलेला, मनगट स्थिर, काल्पनिक फटका पूर्ण करायचा आणि पुन्हा मध्यावर यायचे. स्पर्धेतील दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू थंड असताना जेमतेम उसळतो. सामन्यापूर्वी तो भिंतीवर मारून तापवावा लागतो. चेंडूलाही पूर्वतयारी लागते, तिथे शरीराची काय कथा!

दमलेल्या शरीराला नवे काही सुचत नाही. जे घोटलेले असते, तेच ते करते.

पुढच्या वर्षी त्याच खेळाडूशी पुन्हा गाठ पडली. पाचव्या डावात ९-११ असा मी हरलो. परंतु अखेरच्या गुणापर्यंत माझे पाय मध्यावर परतत होते. त्या पराभवाचा मला आजही अभिमान वाटतो.

पालकहो, सामना खेळून आलेल्या मुलाला आपण प्रथम विचारतो, "जिंकलास का?" त्याआधी एकदा विचारून पाहा, "आज काय जमले, आणि उद्या काय घोटायचे?"

आमचे क्रीडाशिक्षक म्हणत, "खो-खोत बसलेला गडी विश्रांती घेत नसतो, तो उठण्याच्या तयारीत असतो." शाळेने दिलेला हा धडा उमगायला मला एक पराभव लागला.