नवस फळला नाही तेव्हा



मंगळवारी सकाळी टेकडीच्या गणपतीला गेलात, तर रांगेत दोन प्रकारची माणसं दिसतात. काही मागायला आलेली, काही फेडायला आलेली. फेडायला आलेल्यांच्या हाती पेढ्यांचा पुडा असतो आणि चेहऱ्यावरूनच ती ओळखू येतात. कोराडीच्या देवीकडे जा, ताजबागेत जा, नाहीतर सदरमधल्या एखाद्या चर्चमध्ये जा, चित्र फारसं वेगळं नसतं. पण एक तिसरा प्रकारही असतो. मनापासून मागितलं आणि मिळालं नाही, अशांचा. ही माणसं रांगेत ओळखू येत नाहीत. पुष्कळदा ती यायचीच थांबलेली असतात. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

घरातलं माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं. सोळा सोमवार होतात, गुरुचरित्राचं पारायण होतं, कुणी सांगितलं म्हणून दर्ग्यावर चादरही चढते. गुण मात्र येत नाही. मग भेटायला आलेलं कुणीतरी चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणतं, "श्रद्धा कुठंतरी कमी पडली असेल हो!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण मला हे वाक्य दुखण्याहून क्रूर वाटतं. आजाऱ्याला आजार पुरेसा नाही काय, की त्याच्या उशाशी आणखी अपराधाचं गाठोडं ठेवावं?

आपल्या संतांना हे गणित मान्य नव्हतं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. घरात विठ्ठलाची पूजा पिढ्यान्‌पिढ्यांची होती. आता, तुकोबांची श्रद्धा कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे? पुढे तुकोबा देवाशी भांडले, त्याला नाही नाही ते बोलले, आणि ते भांडण आपण आजही टाळ-मृदंगावर गातो. म्हणजे तक्रार करणं ही भक्तीतली खोट नव्हे. तिकडे ख्रिस्ती परंपरेत संत पौलाचं असंच आहे. शरीरातला एक काटा काढून टाक म्हणून त्यांनी तीनदा प्रार्थना केली. काटा राहिला. त्या काट्यासकट ते गावोगाव हिंडत राहिले.

पण एवढं लांब कशाला जायचं? आपल्या विदर्भातलेच गुलाबराव महाराज घ्या. १८८१ साली अमरावतीकडच्या लोणी टाकळीत त्यांचा जन्म झाला. घराणं माधानचं, मोहोड पाटलांचं. वर्षाचे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. चार वर्षांचे असताना आई गेली. बिनआईचं आंधळं पोर आजोळी वाढलं. त्या घरानं देवाला काय काय घातलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. डोळे मात्र आले नाहीत. शेवटपर्यंत आले नाहीत. १९१५ साली पुण्यात त्यांनी देह ठेवला, तेव्हा वय होतं अवघं चौतीस.

महाराजांना आपण 'प्रज्ञाचक्षू' म्हणतो आणि तिथंच थांबतो. आतले डोळे उघडले म्हटलं की आंधळेपणाचा प्रश्न आपल्यापुरता सुटतो! मला हे जरा सोयीचं वाटतं. जरा व्यवहारात उतरून पाहा. या माणसाला एक ओळ स्वतः वाचता येत नव्हती, आणि त्याच्या नावावर सव्वाशेच्या वर ग्रंथ आहेत. ते कसे झाले? कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवलं. ते त्यांनी लक्षात ठेवलं. मग ते सांगत गेले आणि कुणीतरी लिहून घेतलं. वेदान्तापासून डार्विन-स्पेन्सरच्या विचारांपर्यंत त्यांनी ज्याचा ज्याचा परामर्श घेतला, ते सगळं आधी कुणाच्या तरी आवाजातून त्यांच्याकडे आलं. त्या वाचणाऱ्यांचा घसा कितीदा बसला असेल, कंदिलाच्या उजेडात लिहिणाऱ्यांची बोटं कितीदा आखडली असतील! ज्ञानेश्वरांना ते पिता मानत, स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत, कृष्णाला पती मानून कुंकू-मंगळसूत्र धारण करत. इतका उत्कट भक्त, पण रोजच्या वाचनासाठी त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांचीच वाट पाहावी लागे.

कृपा हा शब्द मला इथं थोडाफार कळतो. मागितलेली वस्तू हाती येणं म्हणजे फळ. ते कधी मिळतं, कधी नाही, आणि का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते आहे असं सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही बसत नाही. पण दुबळ्या माणसाजवळ कुणीतरी येऊन बसतं आणि बसून राहतं, ते त्याच्या हिशेबातलं नसतं. त्यानं ते मागितलेलंही नसतं.

आमच्या गल्लीत एक बाई आहेत. त्यांच्या यजमानांचं तीन वर्षं धंतोलीत डायलिसिस चाललं, आठवड्यातून दोनदा. बाईंनी केलं नाही असं व्रत उरलं नसेल. यजमान गेले. सहा-सात महिन्यांनी मी भेटायला गेलो, तेव्हा त्या आपण होऊन म्हणाल्या, "भाऊ, देवानं माझं ऐकलं नाही. हे मी कुणालाही सांगीन, त्यालाही सांगते. पण तीन वर्षांत मला एकदाही एकटीनं ऑटो शोधावा लागला नाही. समोरचा पोरगा यायचा. मी त्याला कधी ये म्हटलं नव्हतं. मे महिन्याच्या उन्हातही यायचा."

मी विचारलं, "मग हीच कृपा म्हणायची का?"

"काय माहीत," त्या म्हणाल्या. "दिवा लावते तेव्हा राग येतोच. तरी लावते."

सध्या मुलीच्या नोकरीसाठी त्यांचं गजानन विजय ग्रंथाचं पारायण सुरू आहे. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे, आणि तिला न्यायला-आणायला तोच पोरगा जाणार आहे.