उताराच्या परसाची मांडणी

कोकणात घराच्या मागील दारी जे परसू असते ते क्वचितच सपाट असते, कारण डोंगराच्या अंगाला जोत्यापुरती जागा कापून घर उभे राहते आणि उरलेला उतार मागे तसाच राहतो. अशा परसाची नव्याने मांडणी करताना भाजी कुठे आणि बसायची जागा कुठे, याचा खल आधी होतो. वास्तविक चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या या पट्टीत टप्पे पाण्याच्या वाटेने ठरतात आणि मालकाच्या हौसेला त्यानंतर जागा मिळते.

टप्पा धरून ठेवतो तो गडगा, म्हणजे चुना वा सिमेंट न वापरता, सांध्यावर सांधा येऊ न देता रचलेली जांभ्या दगडाची भिंत. ती किंचित डोंगराकडे कललेली असते, तिच्या पाठीशी दगडाची कपची भरलेली असते, आणि भिजलेल्या मातीतले पाणी फटींतून पाझरून जात असल्यामुळे मागे दाब साचत नाही. सिमेंटने घट्ट सांधलेली, पाण्याला भोके न ठेवलेली भिंत दिसायला नेटकी खरी, पण मुसळधार आषाढात ती पोट काढण्याचा धोका असतो. उंच अशा एका गडग्यापेक्षा कमरेइतके दोन केव्हाही बरे.

टप्पा सपाट करताना वरच्या अंगाची माती कापून खालच्या अंगाला भरली जाते. मात्र पाचोळा कुजून झालेला वरचा सुपीक थर आधी बाजूला काढून शेवटी पसरावा लागतो. मागील दारालगतच्या टप्प्यावर स्वयंपाकाला हाताशी हवे ते, म्हणजे कढीलिंब, मिरची, गवती चहा. त्याखाली न्हाणीचे पाणी पाटाने, म्हणजे अरुंद उघड्या चराने, जिथे पोचते तिथे अळू नि केळी. आणि सर्वांत खाली, ओल टिकते तिथे, सुपारी व तिच्यावर चढवलेली काळी मिरी. या सर्वांना जोडणारी पाखाडी, अर्थात दगडी पायऱ्यांची वाट, पाटाच्या कडेने पण त्याहून उंच असावी, नाहीतर पहिल्या सरीला तीच ओहोळ होते. पायरी सुमारे 15 सेंटिमीटर उंच व 30 सेंटिमीटर रुंद असली, की डोक्यावर पाटी घेऊनही उतरता येते.

भरावाची माती एक पावसाळा गेल्याशिवाय पुरती बसत नाही. म्हणून गडगे व पाट वैशाखातच पुरे करावेत, फरशी मात्र दिवाळीनंतर घालावी.