दिवसा गाव कोणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सासवड येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनानिमित्त मी चार शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय माझा मीच निवडावा, असेही सांगण्यात आले. तेव्हा फार लांब न जाता मी आपल्या गावाविषयीच बोलणार आहे.

मी माहेरची पुण्याची. लग्न होऊन सासवडास आले, त्यास चाळीस वर्षे होऊन गेली. त्या वेळी माहेरची माणसे माझी समजूत काढीत, "अगं, काळजी कसली? पुणे जवळच आहे!" आजही येथे घर घेणाऱ्यास हेच सांगण्यात येते. तीस-एक किलोमीटरचा रस्ता, मध्ये दिवे घाट, की आलेच पुणे. सोय खरीच, पण आपल्या गावाचा मोठ्यात मोठा गुण म्हणजे शेजारचे शहर, हे ऐकून मला जरा चमत्कारिक वाटते.

कारण एके काळी पाहावे तर पुण्याने सासवडाकडून घेतले आहे. बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले. त्यांचे बिऱ्हाड सासवडास होते आणि १७२० साली त्यांचा अंतही येथेच झाला. कऱ्हेकाठी त्यांची समाधी आहे. शनिवारवाड्याचे काम सुरू झाले ते पुढे १७३० साली. जोतिराव फुल्यांचे घराणे पुण्यास गेले ते आपल्या जवळच्या खानवडीहून. आचार्य अत्रे १८९८ साली कोडीतला जन्मले. पुण्यामुंबईत एवढे नाव मिळवूनही आत्मचरित्रास त्यांनी नाव दिले ते 'कऱ्हेचे पाणी'. आणि आपली अंजिरे व सीताफळे तर अजूनही दरसाल घाट उतरून जातात.

पुण्याशी माझे भांडण नाही. पुणे जवळ आहे म्हणून आपल्या मुली तेथल्या कॉलेजात शिकून संध्याकाळी घरी जेवावयास येतात. नोकरीसाठी बिऱ्हाड मोडावे लागत नाही. दुखण्याबाण्यात मोठ्या डॉक्टरांकडे जाता येते. पूर्वीच्या बायकांना हे मिळाले नव्हते.

परंतु सकाळी स्टँडवर जाऊन पाहा. एस. टी. आणि मोटारी भरून तरणी माणसे हडपसर-स्वारगेटकडे निघतात, ती दिवे लागल्यावर परततात. मग दिवसा हे गाव कोणाचे? ते म्हाताऱ्यांचे, शाळकरी मुलांचे, शेतकऱ्यांचे, दुकानदारांचे आणि मुख्यतः आपले, बायकांचे! नळाला पाणी आले की नाही, गटार तुंबले की काय, शाळेतून सुटलेले पोर घरी पोचले का, हे ज्याला कळते त्याच्याच हाती गाव असते. घाटापलीकडे गेलेल्या माणसाला ते कसे कळावे?

गेल्या वर्षी आमच्या आळीत एक आजी न्हाणीघरात पडल्या. मुलगा-सून दोघेही पुण्यास कामावर. दाराला आतून कडी. शेजारणीने दुपारी हाक ऐकली तोवर दीड तास त्या तशाच पडून होत्या. मुलाला फोन लागला. पण घाटात वाहने अडकलेली. मुलाचा दोष नाही, सुनेचाही नाही. दिवसा शेजार जागा नसेल तर असेच व्हावयाचे. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, मंडळाने आळीवार एक वही करावी. दिवसा कोण एकटे असते, त्यांची किल्ली कोणाकडे आहे, औषध कोणते चालू आहे, कोणाला कळवावयाचे, एवढेच त्यात लिहावे. खर्च वहीपुरता, पण ती कोणाचा तरी जीव वाचवील.

दुसरी गोष्ट वाड्यांची. पुरंदऱ्यांचा वाडा पाहावयास लांबून माणसे येतात. आपण त्यावरून रोज भाजी घेऊन जातो. लहानमोठे वाडे तर एकेक करून जात आहेत. वाडा पाडणाऱ्यास मी नावे ठेवीत नाही. गळके छप्पर, दहा वाटेकरी आणि डागडुजीला पैसा नाही, अशा घरात राहा म्हणून दुसऱ्याने सांगणे सोपे असते. पण वाडा जाण्यापूर्वी आपल्या सुना-मुलींनी हातातल्या फोनवर त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून लिहून ठेवावे. माजघर कोणते, बाळंतिणीची खोली कोणती, पाणी कोठून येई. इतिहासाच्या पुस्तकांत दिवाणखाना सापडतो. स्वयंपाकघर आपणच लिहिले तर लिहिले जाईल.

तिसरी गोष्ट नव्या शेजारणींची. गावाबाहेर इमारती उठल्या आहेत. तेथे राहावयास आलेल्या कित्येक भगिनींस पुण्याचा रस्ता ठाऊक आहे, संगमेश्वराचा घाट ठाऊक नाही. त्यांना आपण 'बाहेरच्या' म्हणतो. मीही बाहेरचीच होते! मला सासवडकर केले ते ज्येष्ठ वद्यातल्या वारीने. माउलींची पालखी घाट चढून येते, दोन मुक्काम करते आणि आपल्या सोपानकाकांची पालखीही येथूनच पंढरीस निघते. पहिल्या वर्षी सासूबाईंनी मला परातभर पीठ मळावयास बसविले. भाकऱ्या किती झाल्या ते मोजले नाही, पण ओसरीवर जेवणाऱ्या वारकरी बायांनी "कुठली गं तू?" म्हणून विचारले, तेव्हा तोंडातून आपसूक "सासवडची" असे निघाले. तर यंदा या भगिनींना पिठल्या-भाकरीच्या कामाला बोलवा आणि पालखी गेल्यावर घाट झाडावयासही बोलवा. पानावर बसलेला पाहुणा एकदा जेवून जातो. बरोबर खरकटे काढणारा घरचा होतो.

नोकरी करणाऱ्या बहिणींसाठी मंडळाची महिन्यातून एक सभा रविवारी घ्यावी, असेही मी सुचविते. दिवसा त्या गावात नसतात, म्हणून गावाच्या विचारात त्या नसाव्यात, असे होता कामा नये.

भगिनींनो, कऱ्हा आटते, पुन्हा वाहते. गावाची वस्तीही तशीच बदलत आली आहे. पेशव्यांचे बिऱ्हाडदेखील येथून हललेच. राहिली ती चूल पेटविणारी, दार उघडणारी, शेजारणीला हाक देणारी माणसे. पुण्याच्या सोयीचा आपण खुशाल उपयोग करावा आणि सासवड सांभाळावे. यंदाच्या वर्षी निदान ती आळीवार वही तरी पुरी होवो, अशी सोपानकाकांचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.