एका क्रमांकाचे दोन दावेदार



१९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अनेक प्रक्रियक एकत्र जोडून त्यांच्याकडून एकच काम करवून घेणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. जोडणी आली की शिस्त आली. हे तत्त्व महासंगणकास जितके लागू आहे, तितकेच कचेरीतील साध्या संगणकासही लागू आहे.

१९९० च्या दशकात कचेऱ्यांतील संगणक परस्परांस जोडले जाऊ लागले. दोन जाळ्यांना सांधणाऱ्या संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवावी लागत. त्यातून एक चमत्कारिक अडचण उद्भवे. प्रत्येक कार्ड एकटे असता चोख चाले. दोन्ही बसविताच एक तरी मुके होई. मग कार्ड सदोष ठरवून नव्याची मागणी नोंदविली जाई.

वस्तुतः दोष कार्डाचा नसे. पुण्याच्या पेठेतील वाड्यात दोन बिऱ्हाडांसाठी एकच घंटा असावी, तसा हा प्रकार. घंटा वाजली, तरी पाहुणा कोणाकडचा हे कळत नाही. माहिती आली की कार्ड प्रक्रियकास हाक देते. या हाकेस ‘इंटरप्ट’ म्हणतात. १९८४ च्या पीसी-एटी रचनेत अशा हाकेच्या रेषा १६ होत्या आणि त्यांतील एक दोन नियंत्रक चिपा जोडण्यातच खर्ची पडे. उरलेल्या १५ मधून घड्याळ, कळफलक, डिस्क यांचा वाटा जाई. एनई-२००० जातीची कार्डे बहुधा ३ क्रमांकाची रेषा आणि ३०० हा पत्ता घेऊनच येत. त्यामुळे एकाच जातीच्या दोन कार्डांचा तंटा अटळ होता. शिवाय दुसरे सीरियल पोर्टही तीच ३ क्रमांकाची रेषा वापरी.

उपाय खर्चाचा नव्हता, क्रमाचा होता. प्रथम वीज बंद करून एकेक कार्ड स्वतंत्रपणे तपासावे. दोन्ही चालली, तर दोष क्रमांकांचा समजावा. नंतर कोणते क्रमांक गुंतले आहेत त्याची यादी करावी. न वापरले जाणारे पोर्ट बंद करून रेषा मोकळी करावी आणि जंपर हलवून दुसऱ्या कार्डास वेगळी रेषा व वेगळा पत्ता द्यावा. शेवटी केलेला बदल नोंदवहीत लिहावा. ही नोंद नसेल, तर पुढच्या माणसास सारा शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

१९९२ नंतर आलेल्या पीसीआय रचनेत क्रमांकवाटप यंत्रच करू लागले, एक रेषा अनेकांना वापरता येऊ लागली आणि हा तंटा हळूहळू मिटला. परंतु त्याचे भावंड आजही भेटते. शाळेच्या संगणक कक्षात किंवा ग्रामपंचायतीत दोन यंत्रांना चुकून एकच आयपी क्रमांक दिला गेला, तर जोडणी अधूनमधून तुटते आणि दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ ताटकळतो. येथेही तोच मार्ग आहे: एक यंत्र जाळ्यातून काढून पाहावे, क्रमांकांची यादी तपासावी, वेगळा क्रमांक द्यावा आणि त्याची नोंद ठेवावी.

नवे यंत्र मागविण्यापूर्वी ही यादी एकदा उघडली, तर सार्वजनिक पैसा वाचेल आणि ग्रामस्थाचा हेलपाटाही.