पहिल्या फेरीचा गडी

गल्लीत खेळ मांडावयाचा म्हटले म्हणजे प्रथम दोन नायक उभे राहतात. बाकीची मुले जोडीजोडीने दूर जाऊन कानात काही कुजबुजतात आणि परत येऊन विचारतात, ‘कोणास पाहिजे वाघ, कोणास पाहिजे सिंह?’ वाघ कोण आणि सिंह कोण हे नायकांस ठाऊक नसते. त्यामुळे पहिली निवड झाल्याचा मान कोणास नाही आणि मागे उरल्याची लाजही कोणास नाही. अगदीच लहान मूल असेल तर त्यास ‘कच्चे लिंबू’ म्हणून दोन्ही बाजूंनी खेळू देतात. मोठ्यांच्या खेळात ही दयाबुद्धी उरत नाही. तेथे नावे उघडी असतात, चार लोकांदेखत गड्याचे मोल पुकारले जाते, आणि आपल्या संघाने प्रथम कोणास उचलले यावर हजारो माणसे तावातावाने भांडतात. ज्यांचा एक पैसाही त्या व्यवहारात गुंतलेला नसतो, तीच माणसे सर्वांत अधिक भांडतात, ही त्यातील मौज.

पाळीपाळीने गडी निवडण्याची ही पद्धत अमेरिकेतील. तेथील फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. त्यात पायाचा उपयोग धावण्यासच अधिक होतो आणि चेंडू बहुधा हातात असतो. १९३५ साली फिलाडेल्फियाच्या संघाचा मालक बर्ट बेल याने अशी सूचना मांडली की, नव्या खेळाडूंवर श्रीमंत संघांनी झडप घालावी आणि दुबळ्यांनी पाहत राहावे हे बरे नव्हे. मागल्या वर्षी जो तळाला राहिला, त्यास पहिली पाळी द्यावी. पुढल्याच वर्षी, १९३६ च्या फेब्रुवारीत, अशी पहिली निवड फिलाडेल्फियात झाली आणि पहिली पाळी बेलच्याच संघास मिळाली. त्याने जे बरवँगर नावाचा, महाविद्यालयीन खेळात सर्वांत नावाजलेला तरुण निवडला. हा बरवँगर धंदेवाईक फुटबॉलचा एकही सामना कधी खेळला नाही! पहिल्या फेरीच्या पहिल्या गड्याचा इतिहास हा असा आरंभापासूनच विनोदी आहे.

त्याच फिलाडेल्फियाची १९९९ सालची गोष्ट अधिक बोधक आहे. त्या वर्षी संघास दुसऱ्या क्रमांकाची निवड होती. गावच्या चाहत्यांच्या मनात रिकी विल्यम्स हा धावपटू भरला होता. तेथील एका नभोवाणी केंद्राने तीसेक चाहते मुद्दाम न्यूयॉर्कास निवडीच्या सभागृहात पाठविले. संघाने मात्र डॉनोव्हन मॅकनॅब याचे नाव घेतले. तो तरुण हसतमुखाने व्यासपीठावर आला, तो आपल्याच संघाच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडविली. पुढे याच मॅकनॅबने संघास २००५ च्या फेब्रुवारीतील अंतिम सामन्यापर्यंत नेले. सामना ते थोडक्यात, २४ विरुद्ध २१ असा, हरले. आणि ज्याच्या संघाने त्यांस हरविले, तो टॉम ब्रेडी २००० सालच्या निवडीत सहाव्या फेरीत, १९९ वा निवडला गेला होता. म्हणजे ज्यास धिक्कारले तो उपयोगी पडला आणि ज्याकडे सर्वांनीच पाठ फिरविली त्याने बाजी मारली. तज्ज्ञ आणि चाहते यांत अधिक कोण चुकतो हे सांगणे कठीण.

ही पद्धत आपल्याकडे २०१४ साली आली. इंडियन सुपर लीगचा तो पहिला मोसम. जुलैच्या २२ आणि २३ तारखांस मुंबईत भारतीय खेळाडूंची निवड झाली. ८४ खेळाडू त्यासाठी ठेवले होते. मुंबई सिटी या नव्या संघाचे सामने पहिली दोन वर्षे नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाले. गोवंडीच्या माणसास ही फार सोयीची गोष्ट. हार्बर मार्गावर गाडीत बसावे, मानखुर्द ओलांडून खाडीचा पूल पार करावा आणि थेट नेरूळला उतरावे. पहिल्याच मोसमात तेथे पुण्याच्या संघावर पाच गोल झाले, त्यांपैकी तीन आंद्रे मोरित्झ या ब्राझिलच्या खेळाडूचे. असा संघ पुढे आठांत सातवा राहिला तरी ज्याने ती संध्याकाळ पाहिली तो त्याचा झालाच. २०१६ पासून मैदान अंधेरीस गेले. तेव्हा गोवंडीहून कुर्ला, कुर्ल्याहून घाटकोपर आणि घाटकोपरहून मेट्रोने आझादनगर अशी यातायात सुरू झाली. पण एवढे बदलूनही माणसे जात राहिली, हे ध्यानात ठेवावयास हवे. जो तीन गाड्या बदलून सामना पाहावयास जातो, त्याने निवडीवर बोलू नये तर कोणी बोलावे?

आता गोवंडीचा वाद. २०१७ च्या जुलैत, २३ तारखेस, पुन्हा मुंबईतच मोठी निवड झाली. संघ दहा झाले होते. जमशेदपूरच्या नव्या संघाने पहिले नाव घेतले ते केरळच्या बचावपटू अनस एडथोडिका याचे. मोल १ कोटी १० लाख. मुंबईने अमरिंदरसिंग हा गोलरक्षक आधीच राखून ठेवला होता. निवडीत तिने बलवंतसिंग हा आघाडीचा खेळाडू ६५ लाखांस घेतला आणि अरिंदम भट्टाचार्य ६४ लाखांस. हा अरिंदमही गोलरक्षकच! अशा दिवशी गोवंडी स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर काय बोलणे चालते याचा मासला ज्यास ऐकावयाचा असेल, त्याने एक खत कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आणि एक महाविद्यालयात जाणारा शेजारचा मुलगा अशी जोडी डोळ्यांपुढे आणावी.

‘काका, एका घराला दोन कुलपे कशाला?’ मुलगा म्हणतो. ‘गोलात उभा एकच राहणार. चौसष्ट लाख बाकावर बसवावयाचे?’

‘अरे, पहिला जायबंदी झाला म्हणजे कळेल तुला. तुम्हां मुलांना गोल करणाराच काय तो खेळाडू वाटतो.’

‘तसे नव्हे, काका. त्या पैशांत बचावास माणूस मिळाला असता. आपल्या मुंबईचाच होता ना यादीत! तो नेला बेंगळुरूने.’

‘आपला म्हणून घ्यावयाचा की चांगला म्हणून?’

‘चांगलाही आहे आणि आपलाही आहे. मग तुमची हरकत काय?’

काकांस याचे उत्तर सुचत नाही. ते दुसरा अर्धा चहा सांगतात.

या संवादातील ‘आपला’ या शब्दावर जरा थांबले पाहिजे, कारण वादाचे मर्म तेथे आहे. मुलगा ज्याच्याविषयी बोलतो तो राहुल भेके, मुंबईत वाढलेला मराठी खेळाडू. शहराबाहेरच्या खेळाडूंचा, परदेशी शिक्षकाच्या हाताखाली उभा केलेला संघ ‘मुंबईचा’ कशाने होतो, हा प्रश्न सुशिक्षित माणसे हसण्यावारी नेतात. त्यांचे म्हणणे असे की, धंदेवाईक खेळात जातगाव पाहू नये, गुण पाहावे. हे तत्त्वतः खरे आहे. परंतु मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्यास हा प्रश्न पोरकट वाटणार नाही. रोव्हर्स चषकाचे सामने मुंबईत १८९१ मध्ये सुरू झाले. २००५-०६ चे राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद ज्या महिंद्र युनायटेडने मिळविले, तो संघ २०१० साली मालकांनी बंद केला. पुढे मुंबई एफ.सी. हा संघ काही वर्षे झगडला आणि २०१७ साली, म्हणजे नेमका या निवडीच्याच वर्षी, आय-लीगमध्ये तळाला जाऊन बाहेर पडला. ज्या पायऱ्यांनी गल्लीतला मुलगा वर चढत असे, त्या अशा एकेक निखळत गेल्या. गोवंडीत, देवनारच्या आसपास, शिवाजीनगर आणि बैंगनवाडीच्या दाट वस्तीत मैदाने थोडी आणि मुले फार. अशा ठिकाणच्या मुलास निवडीची यादी पाहताना जे वाटते ते केवळ संघाच्या काळजीपोटी नसते. यादीतील एखादे नाव त्यास आपल्याकडे येण्याच्या वाटेसारखे दिसते. म्हणून ते नाव दुसऱ्या शहराने नेले म्हणजे त्याचा राग जितका असावा त्याहून अधिक असतो.

कबड्डीतही हेच घडले, पण तेथे निकाल उलटा लागला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांस घेतला आणि पहिल्याच मोसमात त्याने चढाईचे २१८ गुण मिळविले. २०१९ च्या एप्रिलमधील लिलावात तेलुगू टायटन्सने त्यास १ कोटी ४५ लाखांस नेले. मुंबईत त्या दिवशी किती जणांनी कपाळास हात लावला असेल! परंतु त्या मोसमात यू मुंबाने उपांत्य सामना गाठला आणि टायटन्स बारांत अकरावे राहिले. घरचा गडी सोडल्याने घर बुडालेच असे नाही. गोवंडीच्या काकांस ही गोष्ट पाठ असती तर त्यांना दुसरा चहा सांगावा लागला नसता.

मोठ्या रकमेचे नावही तितकेच फसवे. २०१५ च्या जुलैत मुंबई सिटीने सुनील छेत्रीस १ कोटी २० लाख मोजले. याहून निर्विवाद निवड कोणती असणार? छेत्रीने आपले काम केले. त्या मोसमात त्याने सात गोल केले आणि ईशान्येच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यात तीन. लीगमध्ये एका भारतीयाने तीन गोल करण्याचा तो पहिला प्रसंग. तरीही संघ सहावाच राहिला, कारण अकरा जणांच्या खेळात एकास विकत घेतल्याने उरलेले दहा विकत घेतले जात नाहीत. पुढे २०१६ साली छेत्री फारसा हाताशी नसताना मुंबई गुणांच्या तक्त्यात पहिली आली.

आता त्या दोन कुलपांचे काय झाले ते पाहावे. अरिंदम एक मोसम मुंबईत राहून कलकत्त्यास गेला. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबई सिटी आणि मोहन बागानचा एकत्रित संघ यांत अंतिम सामना झाला. एकेक गोल झालेला, नव्वदावे मिनिट. लांबून आलेल्या चेंडूचा अंदाज पुढे धावलेल्या गोलरक्षकास आला नाही, चेंडू बिपिनसिंगकडे गेला आणि त्याने तो रिकाम्या गोलात घातला. मुंबईचे पहिले अजिंक्यपद. आणि तो गोलरक्षक अरिंदमच होता. ज्याच्या चौसष्ट लाखांवरून चहा थंड झाला, त्यानेच, निराळ्या सदऱ्यात, मुंबईस चषक मिळवून दिला असे कोणी म्हटले तर ते निष्ठुर होईल. त्या मोसमातील सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचे पारितोषिक त्याचेच होते. पण गोवंडीत असे कोणी म्हटले नसेल याची खात्री देता येत नाही.

आणि भेके? १७ मार्च २०१९ रोजी लीगचा अंतिम सामना अंधेरीच्याच मैदानावर झाला. मुंबईस उपांत्य फेरीत गोव्याने बाहेर काढले होते. सामना होता गोवा आणि बेंगळुरू यांचा. नव्वद मिनिटांत गोल नाही. ११७ व्या मिनिटास कोपऱ्यावरून आलेला चेंडू भेकेने डोक्याने आत घातला आणि बेंगळुरू अजिंक्य झाले. मुंबईच्या मैदानावर, मुंबईच्या मुलाने, दुसऱ्या शहरासाठी! २०२१ साली मुंबई सिटीने त्यास आणले. पुढल्या एप्रिलमध्ये आशियाच्या मोठ्या स्पर्धेत इराकच्या हवाईदलाच्या संघाविरुद्ध त्याने डोक्यानेच केलेल्या गोलावर मुंबईने २-१ असा सामना जिंकला. त्या स्पर्धेत भारतीय संघाचा तो पहिलाच विजय. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईने पुन्हा चषक जिंकला तेव्हाही तो संघात होता.

२०१७ नंतर लीगने पाळीपाळीची निवड बंद केली. आता संघ आणि खेळाडू आपापसांत करार करतात; सभागृह नाही, पुकारा नाही, पहिली फेरी नाही. त्यामुळे टपरीवरचे वाद थांबतील असे ज्यांस वाटले त्यांचा अंदाज चुकला. २०२४ च्या जूनमध्ये भेके बेंगळुरूस परत गेल्याची बातमी आली, आणि त्यास जाऊ दिले हे बरे की वाईट यावर काका आणि तो मुलगा यांच्यासारख्या जोड्यांस पुन्हा तोच विषय मिळाला.