बल्ब बदलण्याआधी मोजा



कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आज शौकीन लोक जपून वापरतात. तिचे हेडलाइट मंद झाले की मालक म्हणतो, "मोठा बल्ब टाका." तुमच्यापैकी जे गॅरेजमध्ये काम शिकत आहेत, त्यांनी इथे जरा थांबावे.

१२ व्होल्टवर ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे ९ अँपिअर करंट घेतात. वायरिंगला रिले नसेल तर हा सगळा करंट स्विचमधून जातो. १०० वॅटचे बल्ब लावले की तो १६ अँपिअरच्या पुढे जातो. स्विच तापतो, वायर वितळते. त्यात फ्यूजही मोठा टाकला, तर आग अडवणारे काहीच उरत नाही.

म्हणून लाइट चालू ठेवून मल्टीमीटर लावा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरे बल्बच्या अर्थला. अर्धा व्होल्ट दिसला तरी दोष अर्थिंगचा. गंज घासून काढा, नट आवळा. तिथे ठीक असेल, तर बॅटरीचा प्लस आणि बल्बचा प्लस यांच्यातला फरक मोजा. तो जास्त आला, तर फ्यूज, स्विच, कनेक्टर एकेक करून तपासा. व्होल्टेज १० टक्के घटले तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो.

"उस्तादांनी सांगितलं" एवढ्यावर थांबू नका. मीटरवरचा आकडा त्यांनाही अदबीने दाखवा. रात्री घाटात त्या गाडीत कुणाचे तरी कुटुंब बसलेले असणार आहे.